वर्णनभाषेचे मोल : अभय अष्टेकर यांच्या पुंज-गुरुत्वविचाराचे परीक्षण

१

पुंज यामिकीच्या प्रारंभकाळात एक घटना अशी घडली की, तिने भौतिकशास्त्रज्ञांच्या भाषाविषयक समजुतीला विशिष्ट वळण लावले. १९२५ साली हायझेनबर्ग यांनी अणूच्या वर्तनाचे गणित आव्यूहांच्या भाषेत मांडले, आणि १९२६ साली श्रोडिंजर यांनी तेच वर्तन तरंगांच्या भाषेत मांडले. एका मांडणीत अंकांची चौकोनी कोष्टके, तर दुसरीत सलग पसरलेली लाट. बाह्यतः दोहोंत कसलेही साम्य दिसत नव्हते. तथापि १९२६ सालीच या दोन मांडण्या समतुल्य असल्याचे दाखविण्यात आले, आणि पुढे १९३१ च्या सुमारास स्टोन व फॉन नॉयमान यांच्या प्रमेयाने त्या समतुल्यतेला गणिताचे भक्कम अधिष्ठान दिले. स्थान आणि संवेग यांच्यातील नियमांना प्रत्यक्ष गणिती देह देण्याच्या रीतीस प्रतिरूपण म्हणतात. कणांची संख्या सांत असेल आणि काही स्वाभाविक वाटणाऱ्या अटी मान्य केल्या, तर अशी सर्व प्रतिरूपणे मूलतः एकच ठरतात, असे हे प्रमेय सांगते.

यातून निघालेला बोध उघड होता. आशय एक, भाषा अनेक. सबब भाषेची निवड ही केवळ सोयीची बाब होय. भाषाशास्त्राच्या अभ्यासकास हा बोध सहजी पटण्यासारखा नाही. परंतु तो खोडून काढणारा पुरावा आपल्या शास्त्राच्या बाहेर, आणि तोही इतक्या काटेकोर स्वरूपात, मिळेल अशी अपेक्षा त्याने सहसा केलेली नसते. अभय अष्टेकर यांच्या कार्यात असा पुरावा आहे. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन एवढेच की, अष्टेकर यांचे प्रमुख योगदान एखाद्या नव्या कणाचा वा बलाचा शोध हे नसून वर्णनभाषेचा बदल हे आहे. अभिजात भौतिकीत निरुपद्रवी भासणारा हा बदल पुंज यामिकीत आशयापर्यंत जाऊन पोहोचतो. आणि म्हणूनच या कार्याचे बळ व त्यातील सर्वांत नाजूक जागा ही दोन्ही एकाच ठिकाणी सापडतात.

२

अष्टेकर यांचा जन्म ५ जुलै १९४९ रोजी शिरपूर येथे झाला. रावेर काय किंवा शिरपूर काय, दोन्ही गावे सातपुड्याच्या पायथ्याची, तापीच्या खोऱ्यातील आणि आज कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कक्षेतील. भारतातील शिक्षणानंतर ते अमेरिकेत गेले. शिकागो विद्यापीठात रॉबर्ट गेरोच यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी डॉक्टरेट मिळविली, आणि १९९३ पासून पेन्सिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात गुरुत्वविषयक संशोधनकेंद्राची उभारणी केली. २०१८ साली अमेरिकन फिजिकल सोसायटीचे आइन्स्टाइन पारितोषिक त्यांना लाभले.

या प्रकारचा तपशील आपल्याकडे आवडीने सांगितला जातो, आणि त्यात वावगे काही नाही. वावगे आहे ते एवढेच की, बहुधा लेख तेथेच संपतो. 'खानदेशचे भूमिपुत्र' हे पद एकदा लिहिले की सिद्धांत वाचण्याची जबाबदारी संपली, अशी आपली एक मूक समजूत झालेली आहे. गौरव हा परीक्षणाचा पर्याय नव्हे. ज्या विद्वानाने आपल्या विचाराच्या प्रत्येक टप्प्यावर गणिती कसोटी लावून घेतली, त्याच्या वाट्याला त्याच्याच मुलखात केवळ हारतुरे यावेत आणि आक्षेप येऊ नयेत, हा त्याचा सन्मान नव्हे. यास्तव पुढील विवेचनात प्रशंसेपेक्षा छाननीला अधिक जागा दिली आहे.

३

मूळ प्रश्न असा आहे. १९१५ साली पूर्ण झालेल्या व्यापक सापेक्षता सिद्धांतानुसार गुरुत्वाकर्षण हे अवकाश-कालात वावरणारे बल नसून अवकाश-कालाचीच भूमिती होय. उलटपक्षी पुंज यामिकी जेव्हा एखाद्या कणाचे वर्णन करते, तेव्हा ती अवकाश आणि काल आधीच मांडून ठेवलेले आहेत असे गृहीत धरते. नट पुंज यामिकीचे नियम पाळतात. रंगमंच मात्र स्थिर असतो. पण आइन्स्टाइन यांच्या म्हणण्याप्रमाणे रंगमंच हाही एक नट असेल, तर त्यालाही पुंज यामिकीचे नियम लागू करावे लागतील. आणि मग ते नियम कोणत्या मंचावर उभे राहून लिहावयाचे?

या दिशेचा पहिला पद्धतशीर प्रयत्न मापकाच्या भाषेत झाला. दोन शेजारच्या बिंदूंमधील अंतर किती, हे सांगणाऱ्या राशीस येथे मापक म्हटले आहे. १९६० च्या आसपास आर्नोविट, डेझर व मिझ्नर यांनी त्रिमितीय अवकाशाचा मापक हा मूळ चल मानून सिद्धांताची पुनर्रचना केली, आणि १९६७ साली ब्राइस डिविट यांनी तिच्या आधारे पुंज समीकरण लिहिले. व्हीलर-डिविट समीकरण म्हणून ते प्रसिद्ध आहे. समीकरण लिहिले गेले. परंतु त्यात मापकाची वर्गमुळे व व्यस्त रूपे अशा रीतीने गुंतलेली होती की, पूर्ण सिद्धांतात त्यास नेमका गणिती अर्थ देणेच दुरापास्त झाले. सुमारे वीस वर्षे हे समीकरण व्याकरणशुद्ध पण अर्थ न लागणाऱ्या वाक्यासारखे पडून राहिले.

१९८६ साली 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मध्ये अष्टेकर यांनी नवे चल सुचविले. एका बिंदूतील दिशा शेजारच्या बिंदूत नेताना ती कशी वळते, हे सांगणाऱ्या राशीस आपण संयोजन म्हणू. जुन्या मांडणीत मापक मूळ आणि संयोजन त्यापासून साधलेले, असा क्रम होता. अष्टेकर यांनी तो उलटविला. अमिताभ सेन यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी केलेल्या कामाचा धागा उचलून त्यांनी संयोजन हेच मूळ चल मानले, आणि मापक त्याच्या जोडीदार राशीतून मागाहून साधला. व्याकरणाच्या परिभाषेत बोलावयाचे तर, ज्याला आजवर साधित शब्द समजत होते त्याला त्यांनी धातू मानले, आणि सबंध रूपावली नव्याने लावून पाहिली.

परिणाम दोन झाले. पहिला, समीकरणांतील वर्गमुळे व व्यस्त रूपे नाहीशी होऊन ती साध्या बहुपदी रूपात आली. दुसरा परिणाम अधिक दूरगामी होता. निसर्गातील इतर बलांचे सिद्धांत पूर्वीपासून संयोजनाच्याच भाषेत लिहिलेले होते; गुरुत्व तेवढे निराळी भाषा बोलत होते. आता तेही त्याच भाषाकुलात आले, आणि त्या कुलात तयार झालेली साधने त्यास वापरता येऊ लागली. १९८८ साली जेकबसन व स्मोलिन यांना संवृत पथांच्या साहाय्याने पुंज समीकरणाची काही उत्तरे सापडली. पाठोपाठ रोव्हेली व स्मोलिन यांनी सर्व सिद्धांत अशा संवृत पथांच्या प्रतिरूपणात मांडला. 'लूप क्वांटम ग्रॅव्हिटी' हे नाव तेथून आले.

येथे किंमतही नोंदविली पाहिजे. १९८६ चे चल सदसत् संख्यांचे होते. त्यांतून सत् भूमिती परत मिळावी म्हणून वेगळ्या अटी घालाव्या लागत, आणि त्या अटी पुंज सिद्धांतात कशा पाळावयाच्या, हे कोडे सुटेना. १९९५ साली फर्नांडो बार्बेरो यांनी सत् संख्यांचे संयोजन सुचविले आणि बहुतेक अभ्यासक तिकडे वळले; परंतु त्याबरोबर समीकरणांचे ते बहुपदी साधेपणही गेले. ज्या सोयीसाठी भाषा बदलली ती सोय सोडावी लागली, आणि भाषा मात्र राहिली. यावरून असे दिसते की, नव्या भाषेचे खरे मोल सुलभतेत नव्हते; ते अन्यत्र होते.

४

ते कोठे होते हे समजण्यासाठी मराठीतील एक परिचित उदाहरण घेऊ. इंग्रजी 'वुई' या सर्वनामाचे मराठी करताना 'आम्ही' आणि 'आपण' यांपैकी एक निवडावे लागते. ऐकणारा त्यात धरावा की वगळावा, याविषयी इंग्रजी शब्द मौन पाळतो. मराठीत मौन पाळण्याची सोय नाही. भाषांतरकाराने काहीही निवडले तरी मूळ वाक्याशी विसंगती येत नाही. मात्र निवडीनंतर मराठी वाक्यातून जे निष्पन्न होते ते वेगवेगळे असते.

बार्बेरो यांच्या मांडणीत नेमका असाच एक निवडीचा प्रश्न दडलेला होता. त्यांच्या संयोजनात एक अंक मोकळा राहतो. जॉर्जो इमिर्झी यांनी त्याकडे लक्ष वेधले, म्हणून त्यास बार्बेरो-इमिर्झी प्राचल म्हणतात. पदार्थविरहित गुरुत्वाच्या अभिजात समीकरणांत या अंकास कोणतेही मूल्य दिले तरी भौतिक निष्कर्ष बदलत नाही. पुंज सिद्धांतात मात्र बदलतो. १९९५ च्या सुमारास रोव्हेली व स्मोलिन, आणि अधिक काटेकोर गणिती पायावर अष्टेकर व येर्झी लेवांडोवस्की, यांनी असे दाखविले की, या सिद्धांतात क्षेत्रफळ सलग नसून तुटक पायऱ्यांनीच वाढते. आणि त्या पायरीची उंची या प्राचलाच्या प्रमाणात असते. अभिजात भाषा ज्याविषयी मौन होती, त्याविषयी पुंज भाषेला बोलावेच लागले.

मग मूल्य कोणते घ्यावयाचे? १९९८ साली अष्टेकर, जॉन बाएझ, आलेखांद्रो कोरिची व किरिल क्रास्नोव्ह यांनी कृष्णविवराच्या पृष्ठावरील पुंज अवस्थांची मोजणी करून एंट्रॉपी पृष्ठाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात येते असे सिद्ध केले. बेकेन्स्टाइन व हॉकिंग यांच्या सूत्रातील एक-चतुर्थांश हा अंक जुळावा म्हणून प्राचलाचे मूल्य त्यांनी ठरविले. ते सुमारे ०.१२७ आले. २००४ साली त्या मोजणीत काही अवस्था सुटल्याचे डोमागाला व लेवांडोवस्की आणि माइस्नर यांनी दाखवून दिले, आणि मूल्य सुमारे ०.२३७ झाले. ही सुधारणा याच विचारसंप्रदायाच्या अभ्यासकांकडून झाली, ही बाब त्या संप्रदायाच्या सचोटीची द्योतक आहे. परंतु परीक्षकाने येथे थांबून विचारले पाहिजे की, ज्या सूत्राचे स्पष्टीकरण द्यावयाचे त्याच्याच एका अंकावरून प्राचल ठरवून घेतले, तर स्पष्टीकरण कितपत पूर्ण झाले? प्रमाण सिद्ध झाले हे खरे. तो अंक मात्र सिद्धांताने दिलेला नाही, सिद्धांताला दिलेला आहे. एकच मूल्य निरनिराळ्या प्रकारच्या कृष्णविवरांना लागू पडते, हे या बाजूचे उत्तर आहे आणि त्यास वजन आहे. तरीही आक्षेप त्यामुळे सौम्य होतो, पुसला जात नाही.

५

वर्णनभाषा बदलली की आशय नेहमीच बदलतो, असा ग्रह मात्र कोणी करून घेऊ नये. अष्टेकर यांच्याच कार्यात त्याचे प्रत्युदाहरण आहे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ट्रॉय शिलिंग यांच्यासह त्यांनी नेहमीच्या पुंज यामिकीची भूमितीच्या भाषेत पुनर्मांडणी केली. टॉम किबल यांनी १९७९ साली या वाटेवर आरंभ केलेला होता. या मांडणीत अवस्थांचा समुच्चय हा एक वक्र पृष्ठ ठरतो. श्रोडिंजर यांचे समीकरण अभिजात यामिकीतील हॅमिल्टन यांच्या समीकरणाचेच रूप घेते. आणि अभिजात यामिकीत नसलेली एक अधिक गोष्ट, म्हणजे त्या पृष्ठावरील अंतर मोजणारा मापक, अनिश्चितता व संभाव्यता यांचा भार वाहते. येथे एकही निष्कर्ष बदललेला नाही. अभिजात आणि पुंज यांतील भेद नेमका कोठे आहे, एवढेच लख्ख झाले आहे. हे भाषांतर निष्ठावंत भाषांतर होय.

निष्ठा कोठे सुटते, हे २००३ च्या एका निबंधावरून कळते. स्टीफन फेअरहर्स्ट व जॉश विलिस यांच्यासह अष्टेकर यांनी साध्या, एकट्या कणाचे पुंज गणित मुद्दाम पुंज-गुरुत्वाच्या धर्तीवर करून पाहिले. आरंभी उल्लेखिलेल्या प्रमेयात ज्या स्वाभाविक अटी आहेत, त्यांपैकी एक अट सातत्याची आहे. ती सोडली की समतुल्यतेची हमी संपते. या निराळ्या प्रतिरूपणात स्थानाचा कारक शिल्लक राहतो, पण संवेगाचा कारक अस्तित्वातच राहत नाही. सांत अंतराने सरकविण्याची क्रिया तेवढी उरते. वाक्यात कर्ता आहे, पण वर्तमानकाळाचे रूपच भाषेत नाही, अशी ही स्थिती. आणि तरीही, पायरीचे अंतर अतिसूक्ष्म मानल्यास नित्याच्या ऊर्जांवर सर्व उत्तरे श्रोडिंजर यांच्या उत्तरांशी जुळतात, असे या निबंधाने दाखविले. विद्यार्थ्यांनी हा निबंध अवश्य अभ्यासावा. पुंज यामिकीचा पदव्युत्तर अभ्यास असेल, तर त्याचा मुख्य युक्तिवाद आवाक्यातला आहे.

या भेदाचे सर्वांत नाट्यपूर्ण फळ विश्वरचनाशास्त्रात आले. मार्टिन बोजोवाल्ड यांनी २००१ साली वाट दाखविल्यानंतर, २००६ साली अष्टेकर, टोमाश पावलोवस्की व परमप्रीत सिंग यांनी सर्वत्र व सर्व दिशांनी एकसारख्या अशा सोप्या विश्वाचे गणित दोन्ही भाषांत केले. मापकाच्या जुन्या भाषेत, म्हणजे व्हीलर-डिविट यांच्या रीतीने, विश्व मागे नेले असता ते महास्फोटाच्या अनंत घनतेच्या बिंदूतच जाऊन बुडते. नव्या भाषेत घनता प्लांक घनतेच्या सुमारे ४१ टक्क्यांवर पोहोचली की गुरुत्व प्रतिकर्षक बनते आणि विश्व उसळी घेते. महास्फोटाच्या जागी महाउसळी येते. अभिजात प्रतिमान तेच, आरंभीची सामग्री तीच, भाषा दोन आणि विश्वाचा भूतकाळही दोन. 'भाषेची निवड ही सोयीची बाब' हे विधान यापुढे करता येणार नाही.

मात्र येथेच सर्वांत कठोर प्रश्न विचारावा लागतो. ही ४१ टक्क्यांची घनता वर सांगितलेल्या प्राचलाच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असते. १९९८ चे जुने मूल्य वापरले असते, तर हीच घनता सहा पटींहून अधिक आली असती. एका सर्वनामाच्या निवडीने कथेचा शेवट बदलत नसला, तरी तिच्यातील आकडे बदलतात. शिवाय येथे आधी विश्व एकसारखे मानून घेतले आहे आणि नंतर पुंज नियम लावले आहेत. पूर्ण सिद्धांतातून हेच चित्र निघेल, याची खात्री त्यातून मिळत नाही.

प्रतिरूपणाची निवड लहरीने झाली, असे मात्र म्हणता येणार नाही. लेवांडोवस्की, ओकोवूव्ह, साल्मान व थिमन यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रमेयानुसार, अवकाशातील कोणत्याही बिंदूला वा आकृतीला विशेष दर्जा नसावा ही अट पाळावयाची असेल, तर पूर्ण सिद्धांतात असे प्रतिरूपण एकच संभवते. आक्षेपकास दिलेले हे सर्वांत समर्थ उत्तर होय. भाषा निवडली गेली ती तत्त्वाच्या आज्ञेने. तत्त्व मान्य नसेल त्याने तसे स्पष्ट सांगावे.

६

हेच तत्त्व आपल्या मराठी लेखनात हमखास हरवते. लोकप्रिय लेखांत असे वाचावयास मिळते की, या सिद्धांतानुसार अवकाश हे सूक्ष्म धाग्यांचे विणलेले वस्त्र आहे. या रूपकाचे मूळ खुद्द शास्त्रज्ञांकडेच आहे. अष्टेकर, रोव्हेली व स्मोलिन यांच्या १९९२ च्या निबंधाच्या शीर्षकातच विणकाम आहे. परंतु तेथे विण म्हणजे, दुरून पाहता गुळगुळीत भूमितीसारखी भासेल अशी एक विशिष्ट अवस्था. सर्व अवस्थांचे ते वर्णन नव्हे. मराठीत ही मर्यादा गळून पडली. आणि वस्त्र म्हटले की माग आला, माग म्हटला की तो ठेवावयास खोली आली. जो रंगमंच काढून टाकण्यासाठी सारा खटाटोप केला, तो रूपकाच्या मागील दाराने परत आत आला.

आपल्या व्यवहारभाषेत याहून योग्य प्रतिमा उपलब्ध आहे. जुन्या खरेदीखतांत शेताचे वर्णन चतुःसीमांनी केलेले असते: पूर्वेस अमक्याचे शेत, पश्चिमेस नाला, दक्षिणेस गाडीरस्ता, उत्तरेस तमक्याचा मळा. कोणत्याही नकाशावरील अंक त्यात नाही; केवळ शेजार सांगितलेला आहे. पुंज-गुरुत्वातील परिवलन-जाल, ज्याची मूळ कल्पना रॉजर पेनरोझ यांची, हे अशाच प्रकारचे दस्तऐवज आहे. जाळ्यातील प्रत्येक गाठ म्हणजे एक शेत. तिच्यावर घनफळ लिहिलेले असते. दोन गाठींना जोडणारा प्रत्येक दुवा म्हणजे दोन शेतांमधील सामाईक बांध. त्यावर क्षेत्रफळ लिहिलेले असते. कोण कोणाच्या शेजारी आणि मधला बांध केवढा, एवढीच माहिती त्यात आहे. जाळे अवकाशात ठेवलेले नाही. त्या शेजाराचेच नाव अवकाश.

या प्रतिमेचीही मर्यादा सांगितली पाहिजे. खरेदीखतात पूर्व आणि पश्चिम हे शब्द असतात, आणि ते सूर्यावरून, म्हणजे बाहेरून, आलेले असतात. सिद्धांताशी प्रामाणिक राहावयाचे तर ते शब्दही खोडावे लागतील. तथापि काय खोडावयाचे हे या प्रतिमेत नेमके सांगता येते. वस्त्राच्या प्रतिमेत ते सांगता येत नाही. परिभाषेच्या बाबतीतही हीच दक्षता हवी. 'लूप' या शब्दासाठी 'पाश' वापरल्यास बंधनाचा, आणि 'वेटोळे' वापरल्यास सर्पाचा संस्कार मागोमाग येतो. 'संवृत पथ' हा शब्द रुक्ष आहे, पण तो नसलेले काही सांगत नाही.

७

सारांश, अष्टेकर यांच्या कार्याचे मूल्यमापन तीन गोष्टी वेगळ्या ठेवून करावे लागेल. गुरुत्वाची अभिजात पुनर्मांडणी ही निर्विवाद सिद्धी आहे. पुढे प्रयोग काहीही सांगोत, १९८६ चे चल गणिताच्या इतिहासात राहतीलच. पुंज भूमितीचा गणिती पाया, म्हणजे पार्श्वभूमी गृहीत न धरता पुंज सिद्धांत काटेकोरपणे लिहिता येतो हे दाखविणे, ही दुसरी सिद्धी. तीही प्रमेयांवर उभी आहे. निसर्ग खरोखर याच भाषेत बोलतो काय, ही तिसरी गोष्ट. तिच्या बाजूने प्रयोगाचा वा निरीक्षणाचा निर्णायक पुरावा आजवर मिळालेला नाही, आणि पूर्ण पुंज सिद्धांतातून नित्याच्या अनुभवातील आइन्स्टाइन यांची समीकरणे परत मिळतात हेही सर्वांशाने सिद्ध झालेले नाही. प्लांक लांबी एक मीटरच्या तुलनेत दशांश चिन्हानंतर चौतीस शून्ये सोडून येते, हे ध्यानात घेता पुराव्याच्या विलंबाचे आश्चर्य वाटू नये. परंतु विलंब म्हणजे मान्यता नव्हे.

पहिल्या दोन सिद्धींच्या तेजात तिसरी गोष्ट झाकली जाणे हा गौरवलेखांचा दोष, आणि तिसरीच्या अभावी पहिल्या दोन नाकारणे हा घाईच्या टीकेचा दोष. आपल्या विभागातील भौतिकीचे आणि मराठीचे विद्यार्थी एकत्र बसून १९८६ व २००३ चे दोन निबंध ओळीओळीने मराठीत आणण्याचा प्रयत्न करतील, तर या दोन्ही दोषांतून सुटका होण्याचा संभव आहे. त्या कामात अडणारा प्रत्येक शब्द कोठे ना कोठे सिद्धांताच्याच एखाद्या अवघड सांध्यावर बोट ठेवील.